साखर मोजणारी पट्टी आणि सोलापुरी टॉवेल : बायोसेन्सर समजून घेऊ या



आता बऱ्याच घरांत ग्लुकोमीटर असतं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की काही सेकंदांत आकडा हजर! पण त्या एवढ्याशा पट्टीला रक्तातली साखर कळते कशी? मुलांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. शिवाय काही घरांत हाच आकडा बघून इन्सुलिन किती घ्यायचं ते ठरतं. म्हणून तो कसा तयार होतो आणि कधी चुकतो, हे मोठ्यांनाही माहीत हवं.

बायोसेन्सर म्हणजे काय?

सेन्सर म्हणजे संवेदक. बायोसेन्सरमध्ये दोन कामं होतात : ओळखणं आणि सांगणं. पट्टीवर ओळखण्याचं काम विकर, म्हणजे एन्झाइम करतं. बऱ्याच पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ते रक्तातल्या इतर गोष्टी सोडून नेमकं ग्लुकोज पकडतं आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. पट्टीवरचं दुसरं एक रसायन हे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवतं. इलेक्ट्रॉन वाहिले म्हणजे काय झालं? वीज वाहिली! ग्लुकोज जास्त तर वीज जास्त. यंत्र ती वीज मोजून आकडा दाखवतं. रासायनिक क्रियेतून वीज मिळते, म्हणून हा विद्युत-रासायनिक बायोसेन्सर.

विकर आणि इलेक्ट्रोड जोडण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी 1962 साली मांडली. घरी वापरता येईल असं पेनाएवढं यंत्र 1987 च्या सुमारास बाजारात आलं.

मग नॅनो कशाला?

आता थोडं गणित करू. रक्तात ग्लुकोज 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर एका लिटरमध्ये ते 1000 मिलिग्रॅम झालं. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं? भारतीय मानकानुसार लिटरमध्ये फक्त 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे ग्लुकोजच्या एक लाखाव्या भागाएवढं! एवढ्या कमी पदार्थापासून मिळणारा विजेचा इशाराही अगदी क्षीण असतो. तो पकडायचा तर इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग वाढवायला हवा, पण आकार न वाढवता.

इथे आपला सोलापुरी टॉवेल आठवा. तेवढ्याच लांबी-रुंदीचा साधा पंचा आणि टर्किश टॉवेल शेजारी ठेवा. टॉवेल जास्त पाणी टिपतो, कारण त्याच्यावर धाग्यांचे हजारो बारीक लूप उभे असतात. जागा तेवढीच, पण पाण्याला भिडणारा धागा कितीतरी जास्त. इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण, कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफीनचा थर देतात, तेव्हा असंच काहीसं घडतं. यातले काही पदार्थ वीजही चांगली वाहून नेतात.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. 1 सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौरस सेंमी. त्याचे 1 नॅनोमीटरचे घन करता आले, तर एकूण पृष्ठफळ होतं 6000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर!

असं संशोधन आपल्याकडेही झालं आहे. सोलापूर विद्यापीठात पॉलिअनिलीन या वीजवाहक पॉलिमरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिसळून अमोनिया वायू ओळखणाऱ्या थरांचा अभ्यास झाला. त्यात विकर नसतं. वायू लागला की थराचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजतात.

आकडा कधी चुकतो?

पट्टीला माणूस कळत नाही, फक्त थेंब कळतो. द्राक्षं किंवा आंबा खाऊन हात न धुता तपासणी केली, तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा फुगतो. त्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतलं गेलं, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. म्हणून :

- हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा.
- विकर हे प्रथिन आहे, ते उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पट्ट्यांची डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका. झाकण लगेच लावा.
- मुदत संपलेली पट्टी वापरू नका.
- आकडा आणि त्रास यांचा मेळ बसत नसेल, तर हात धुऊन पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना विचारा. डोस मनाने बदलू नका.

वर्गात करून पाहा

बटाट्याचा 2 सेंमी बाजूचा घन कापा. मुलांना पृष्ठफळ काढू द्या : 24 चौरस सेंमी. आता त्याचे 1 सेंमीचे 8 घन करा आणि पुन्हा मोजा : 48 चौरस सेंमी. बटाटा तेवढाच, पृष्ठभाग दुप्पट! मग मुलांना विचारा, "अजून बारीक कापत गेलो तर?" नॅनोची गोष्ट तिथूनच सुरू होते.