गाडीचे अंतरंग (भाग ६) : स्टिअरिंगचा सांगाडा

मागच्या भागात आपण स्टिअरिंग कॉलमपर्यंत आलो होतो. आता त्याच्या टोकावरचे चाक. आपल्या हाताला लागते ते चामडे किंवा फोम. भार पेलतो तो आतला धातूचा सांगाडा.

आज पुष्कळ मोटारींत हा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. पहिले कारण वजन. पाण्याच्या तुलनेत पोलाद ७.८ पट जड, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट, तर मॅग्नेशियम जेमतेम १.८ पट. चार सिलिंडरचे इंजिन आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला दोन ज्वलने, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. चाक आणि कॉलम यांची मिळून जी नैसर्गिक कंपनसंख्या असते, ती या आकड्याजवळ आली की सिग्नलला उभ्या गाडीत हाताला मुंग्या येतात. चाक जड झाले की ही संख्या खाली घसरते. मध्यभागी एअरबॅगचे ओझे असतेच. भारतात चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. त्यामुळे काटकसर करायची ती सांगाड्यातच.

दुसरे कारण चिवटपणा. पण तो सगळ्याच मॅग्नेशियमला नसतो. 'एझेड९१' हा डाय-कास्टिंगमधला नेहमीचा मिश्रधातू साधारण तीन टक्के ताणला की तुटतो. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण कमी असलेला 'एएम६०' त्याच्या दुपटीहून जास्त ताण सोसतो. म्हणून स्टिअरिंगला तोच घेतात. छाती आदळली तर कडी वाकावी, तिचा तुकडा पडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२ मधील चाचणीत धडाच्या आकाराचा ठोकळा ताशी सुमारे २४ किलोमीटर वेगाने चाकावर आदळवतात, आणि बल ११.१ किलोन्यूटनच्या आत राहावे लागते.

आता, खरा सांगाडा साच्यात ओतण्याआधी तपासणीसाठी करतात ते नमुने. पकड तपासायला थ्री-डी प्रिंट पुरते. मात्र चामडे सव्वा मिलिमीटरचे असेल तर कडीची जाडी अडीच मिलिमीटरने वाढणार, तेवढी आधीच कमी ठेवायची. नाहीतर ३० मिलिमीटरची पकड मागणाऱ्याच्या हातात ३२.५ची कडी येते. मऊ फोमसारखे वाटणारे वीसेक नग हवे असतील तर सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओततात. एअरबॅग आणि बटणे नीट बसतात का, हे बघायला अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर सांगाडा कोरून घेतात.

हा कोरलेला नग दिसायला अगदी खऱ्यासारखा, म्हणूनच फसवा. अ‍ॅल्युमिनियम मॅग्नेशियमपेक्षा जड आणि ताठ, त्यामुळे त्यावर मोजलेली कंपने जशीच्या तशी धरता येत नाहीत. शिवाय त्यात ओतकामाचे दोष नसतात. कडी गोल असल्यामुळे साच्यात दोन बाजूंनी धावत आलेला वितळलेला धातू कुठेतरी समोरासमोर येतोच. तोवर त्याची तोंडे थंडावलेली असतात. नीट एकजीव न झालेला तो सांधा सगळ्यात कच्चा. हे टाळायला नेमक्या त्या जागी साच्याला बाहेरून छोटे खिसे ठेवतात. थंड धातू त्यांत जातो आणि नंतर छाटून टाकतात. सांधा कुठे पडेल याचा अंदाज संगणक देतो, खात्री देत नाही.

म्हणून टकरीचा निकाल खऱ्या साच्यातून निघालेल्या नगावरच लावायचा. साच्याचा खर्च मोठा, आणि तो निकालाआधीच करावा लागतो. स्वस्त नमुन्यांचा उपयोग एवढाच, की साच्याची ऑर्डर देईपर्यंत पकड, मापे आणि जोडणी यांबद्दल एकही शंका शिल्लक राहू नये.

(पुढील भागात : फोम, चामडे आणि हाताचा घाम)