फिरंग तलवार : दोन देशांच्या कारागिरांचे शस्त्र

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनहून मुंबईत आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेरीस सोदबीज या संस्थेने ती लिलावात काढली होती. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. वाहतूक, विमा आदी खर्च धरून तिच्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले. तलवारीच्या धन्याच्या पराक्रमाविषयी त्या दिवसांत पुष्कळ लिहिले गेले आणि ते उचितच होते. परंतु एक घडवलेली वस्तू म्हणून तिची रचना, तिचे पोलाद आणि तिची मूठ यांविषयी मराठीत सविस्तर मांडणी क्वचितच होते.

रघुजी (१६९५–१७५५) हे छत्रपती शाहू महाराजांचे सेनासाहेबसुभा. १७४० मध्ये कर्नाटकात उतरून त्यांनी नवाब दोस्तअलीचा पाडाव केला, पुढे बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहाने तेथील नवाब अलीवर्दीखानाकडून वार्षिक १२ लाख रुपयांची चौथाई कबूल करून घेतली. ओडिशाही मराठ्यांच्या ताब्यात आला. १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. या उलथापालथीत भोसल्यांच्या जामदारखान्यातील बऱ्याच मौल्यवान वस्तू लुटीच्या आणि नजराण्याच्या रूपाने बाहेर गेल्या. ही तलवारही त्याच ओघात परदेशी गेली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

मराठ्यांच्या तलवारींचे स्थूलमानाने चार-पाच वर्ग पडतात. वाकड्या पात्याची ती समशेर. सरळ, रुंद, दुधारी पात्याचा खांडा. लांब व सरळ पात्याची धोप. आणि कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबणीतून चालवायचा तो पट्टा. ज्या सरळ तलवारीचे पाते युरोपात घडलेले असते, तिला फिरंग म्हणतात. रघुजींची तलवार या शेवटच्या वर्गातील आहे. तिचे पाते सरळ आणि एकधारी, तर मूठ मुल्हेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाटाची आहे.

युरोपीय पाती आपल्याकडे प्रथम पोर्तुगिजांच्या व्यापारातून आली. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून ही आयात वाढली आणि पुढे डच व इंग्रज व्यापारीही तीत उतरले. जर्मनीतील झोलिंगेन आणि स्पेनमधील तोलेदो ही त्या काळची नामवंत केंद्रे होती. पात्यांवर तेथील कारागिरांच्या खुणा उमटवलेल्या असत. धावत्या लांडग्याची आकृती ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून भेट गेलेली आणि आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली ‘जगदंबा’ तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. तिच्या पात्यावर ख्रिस्ती धर्मातील ‘आयएचएस’ ही अक्षरे आहेत.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. ज्या दख्खनच्या पोलादाची कीर्ती दमास्कसपर्यंत पोहोचली होती, त्या भूमीतील सरदारांनी परक्या देशाचे पाते का निवडावे? आपले पोलाद मातीच्या बंद मुशीत, लोखंड आणि वनस्पतिजन्य पदार्थ एकत्र तापवून तयार होई. तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास असे. कमी उष्णतेवर धीराने ठोकून काढलेल्या पात्यावर त्यामुळे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. तिला जौहर म्हणतात. परंतु मुशीतील गोळा आकाराने लहान, आणि ठोकताना उष्णता थोडी जास्त झाली तरी पाते तडकण्याचा धोका. याउलट झोलिंगेनमध्ये घडवणारे, पाणी देणारे आणि धार लावणारे कारागीर वेगवेगळे होते व धारेची चाके नदीच्या प्रवाहावर चालत. त्यामुळे लांब, सरळ, लवचीक पाती सारख्या गुणवत्तेची आणि मोठ्या संख्येने बाजारात येत. पात्यावर लांबीच्या दिशेने काढलेल्या उथळ पन्हळीमुळे मजबुती न घटता वजन कमी होई. घोड्यावरून दूरवर पोहोचणारा वार किंवा भोसकण्याचा डाव करणाऱ्या स्वारास हे पाते सोयीचे होते. परके पाते स्वीकारण्यात मराठ्यांनी कमीपणा मानला नाही, हे त्यांच्या व्यवहारी युद्धदृष्टीचे लक्षण आहे, असे मला वाटते.

शस्त्रविद्येत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या जपानच्या कारागिरांनीही परके लोखंड वर्ज्य मानले नव्हते. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासू याचा लोहार यासुत्सुगु याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी जहाजांतून आलेले विदेशी लोखंड वापरले आणि तसा उल्लेख आपल्या तलवारींच्या मुठीत बसणाऱ्या देठावर अभिमानाने कोरला. जपानी पद्धतीचे स्वतःचे पोलाद मात्र तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तयार होते. लोहयुक्त वाळू आणि कोळसा यांचे थर तीन दिवस व तीन रात्री आलटून पालटून दिले जातात. त्यातून निघालेल्या लगद्याचा निवडक भाग घडी घालून पुनःपुन्हा ठोकतात. बहुधा कठीण पोलादाच्या आवरणात मऊ लोखंडाचा गाभा बसवला जातो. मग पाठीवर मातीचा जाड व धारेवर पातळ लेप देऊन तापलेले पाते पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ चिवट राहते आणि पाते बाक घेते. धारेलगत जी धूसर रेषा दिसते, तिला हामोन म्हणतात. १८७६ च्या आज्ञेने तेथे सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आली, तरीही ही विद्या टिकली. शिमाने प्रांतात १९७७ पासून तातारा पुन्हा पेटवला जाऊ लागला.

फिरंग तलवारीचे पाते परदेशी असले, तरी तिला मराठी तलवार करणारी गोष्ट म्हणजे तिची मूठ. इकडच्या लोहाराने परज रुंद ठेवली, बोटांच्या रक्षणासाठी वक्र पट्टी जोडली आणि आतून कापडाची किंवा चामड्याची गादी दिली. पाते मुठीत बसवताना पोकळीत लाखेचे वा राळेचे मिश्रण भरून तापवलेला देठ त्यात रोवीत. सरळ तलवारींत मुठीपासून निघालेल्या पोलादी पट्ट्या पात्यावर रिबिटांनी ठोकून जोड अधिक पक्का करीत. रघुजींच्या तलवारीच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी आहे आणि पकडीभोवती हिरवे कापड गुंडाळलेले आहे.

कोफ्तगिरीचे काम अतिशय चिकाटीचे आहे. पोलादाचा पृष्ठभाग बारीक हत्याराने आडव्या-उभ्या ओरखड्यांनी खरबरीत करतात, त्यावर सोन्याची तार नक्षीबरहुकूम ठेवून हलक्या हाताने ठोकतात आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटतात. सोने त्या ओरखड्यांतच धरून राहते. सोन्याचा थर पातळ असल्यामुळे घर्षणाने तो सहज निघून जातो. या तलवारीच्या पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ अशी सोन्यात देवनागरी अक्षरे आहेत. धन्याचे नाव, त्याचा हुद्दा आणि शस्त्राचा वर्ग असे तिन्ही एका ओळीत देणारी मराठा तलवार दुर्मीळ आहे, कारण आपली बहुतांश शस्त्रे नावाविना आणि नक्षीविना आहेत. माझ्या मते या ओळीचे मोल तिच्यातील सोन्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

अशा लेखाचे मोल जपानी तलवारीशी तुलना केल्यावर अधिक कळते. तिची मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसलेली असते. खुंटी काढली की देठ मोकळा होतो आणि त्यावरील कारागिराचे नाव वाचता येते. देठावरचा गंज तेथे कोणीही घासत नाही, कारण त्याच्या रंगावरून वयाचा अंदाज बांधतात. आपल्याकडे देठ लाखेत कायमचा झाकलेला असतो. म्हणून पात्यावरील खुणा, मुठीचा घाट आणि लेख हाच आपला पुरावा. तो जपण्याचे काम एके काळी शिकलगारांकडे होते. पात्याला धार व झळाळी देणारे हे कारागीर आज बहुतांशी आडनावापुरतेच उरले आहेत.

महाराष्ट्रात आजही अनेक घरांच्या देवघरात जुनी तलवार असते आणि दसऱ्याला तिची पूजा होते. पूजेच्या आदल्या दिवशी ती चिंच, राख किंवा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा घासण्याने कोफ्तगिरी, कारागिराची खूण आणि पोलादावरील जौहर ही तिन्ही कायमची पुसली जाऊ शकतात. ज्यांच्या घरी अशी तलवार असेल, त्यांनी ती कोरड्या मऊ कापडाने पुसावी, पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि ती दमट म्यानात वर्षभर कोंडून ठेवू नये. अक्षरे किंवा चिन्हे दिसत असल्यास त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून संग्रहालयातील जाणकारांना दाखवावीत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.