मालक बदलताना : डिलिव्हरी चालक आणि ‘स्पर्धाबंदी’

- स्पर्धाबंदी अट : काम सोडल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचे बंधन.
- कायदा : भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम २७. व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद : नावलौकिकासह धंद्याची विक्री.
- कराराच्या मुदतीत : वाजवी बंधन ग्राह्य. सर्वोच्च न्यायालय, १९६७. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील गोलिकरी प्रकरण.
- करार संपल्यावर : बंधन रद्दबातल. सर्वोच्च न्यायालय, २००६. क्रिकेटपटू झहीर खान प्रकरण.
- स्पर्धाबंदीहून वेगळ्या बाबी : नोटीसचा काळ, ग्राहकांची गोपनीय माहिती, प्रशिक्षणाचा बाँड.
- ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (उदा. ॲपवरून काम मिळणारे डिलिव्हरी चालक) : व्याख्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये.
- केळझर (ता. सेलू, जि. वर्धा) : नागपूर–वर्धा मार्गावरचे गाव. कलम २७ केंद्रीय कायद्यातले. म्हणून इथल्या चालकांनाही लागू.