टाळू फुगलेली वाटली, तर टेप घ्या

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा घसरला, की तालुक्यातल्या घराघरांत तान्ह्या बाळांची टोपडी आणि कुंच्या बाहेर निघतात. कधी कधी हेच टोपडे आजाराची पहिली सूचना देते. पंधरवड्यापूर्वी सैल होणारे टोपडे डोक्यात जाईनासे होते. ‘बाळ बाळसं धरतंय’ म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. पण अंगाच्या मानाने डोके भराभर वाढत असेल, तर मेंदूत पाणी साठत असण्याची शंका घ्यावी. या आजाराला हायड्रोसेफॅलस किंवा जलशीर्ष म्हणतात.

पाणी साठते कसे?

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तिथे पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरून तो रक्तात शोषला जातो. ही वाट अडली किंवा शोषण मंदावले, की पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात, म्हणून डोके वाढते. मोठ्या मुलांत कवटी पक्की असल्याने डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, अंधूक दिसणे अशी लक्षणे येतात.

कारणे अनेक आहेत. काही बाळांत द्रवाचा मार्ग जन्मतःच अरुंद असतो. काहींच्या पाठीच्या कण्यात दोष असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, विशेषतः क्षयाचा, आणि मेंदूतील गाठ हीही कारणे आहेत.

यातले काही टाळता येते. कण्यातील दोष गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांतच ठरतो. तेव्हा दिवस गेल्याचे अनेकींना कळलेलेही नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचे असते. बीसीजीची लस लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून बरेच संरक्षण देते.

शंट की दुर्बीण?

नुसत्या औषधांनी हा आजार सहसा बरा होत नाही. नेहमीची शस्त्रक्रिया म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून निघालेली बारीक नळी कातडीखालून पोटात सोडतात. मधली झडप जादा द्रवच वाहू देते. पोटात तो शोषला जातो.

शंट महागच असला पाहिजे असे नाही. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला तयार होणाऱ्या छाब्रा शंटची युगांडातील १९५ मुलांत एका महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली. किमती सुमारे ३५ आणि ६५० डॉलर. वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. मेंदूतील तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून देतात. नळी ठेवावी लागत नाही. मात्र ही पद्धत सर्वांना लागू पडत नाही. सहा महिन्यांखालील बाळांत ती अपयशी ठरण्याचा धोका जास्त असतो.

शंट बसवला म्हणजे काम संपले, असे नाही. नळी तुंबू शकते, तिला संसर्ग होऊ शकतो. अनेक मुलांत ती पुन्हा बदलावी लागते. शंट असलेल्या मुलाला उलट्या, गुंगी, ताप किंवा वाढती डोकेदुखी झाली, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी काय पाहावे?

जन्मावेळी डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एक सेंटिमीटर वाढतो. भुवयांच्या वर आणि मागच्या उंचवट्यावरून टेप धरून महिन्याला एकदा मोजावे, तारीख घालून लिहून ठेवावे. एका मापापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा.

टाळू भरणाऱ्या आजीचा हातही मोलाचा. बाळ शांत आणि उभे धरलेले असताना टाळू सपाट, मऊ लागते. ती फुगीर, ताणलेली वाटली, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसल्या किंवा बाळाची बुबुळे सतत खाली वळलेली राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून सोनोग्राफीही करता येते.

निफाडच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे नाशिकला किंवा मुंबईला जावे लागू शकते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. दाबलेला मेंदू वेळेत मोकळा झाला, तर यातली अनेक मुले शाळेत जातात, खेळतात. उशिरा केलेली शस्त्रक्रिया दाब कमी करते. झालेली हानी मात्र पूर्ण भरून येतेच असे नाही.