उद्योगांना हवी बाहेरच्या ज्ञानाची जोड

पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, धातुकाम असे नाना उद्योग शेजारी शेजारी उभे आहेत. आपला माल कसा तयार करावा, हे प्रत्येक कारखाना जाणतो. परंतु त्यातून निघणाऱ्या सांडपाण्यावर उत्तम प्रक्रिया कशी करावी, याचे सर्व ज्ञान एकाच कारखान्यापाशी असेलच असे नाही. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानी येते. अशा वेळी प्रयोगशाळा, विद्यापीठे व अन्य उद्योग यांचे साहाय्य घेणे हिताचे असते. मात्र ते फलद्रूप व्हावे कसे?

या बाबतीत पुण्याचे एक उदाहरण बोलके आहे. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, या रोगाच्या १९९६-९७ मधील साथीने आफ्रिकेत सुमारे २५ हजार बळी घेतले. त्यावरील लशीसाठी जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' ही संस्था यांनी २००१ मध्ये प्रकल्प हाती घेतला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादनाची जबाबदारी स्वीकारली. लशीतील महत्त्वाची जोडप्रक्रिया अमेरिकन शासनाच्या प्रयोगशाळेतून आली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे लसीकरणास प्रारंभ झाला आणि पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली.

या यशामागे तीन गोष्टी दिसतात. पहिली, गरज आधी निश्चित झाली. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी हवी, हे आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांनीच सांगितले होते. दुसरी, तंत्राचा परवाना व लशीची किंमत यांविषयी करार झाले. तिसरी, सीरमच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाऊन ते तंत्र स्वतः आत्मसात केले. घरात जाणकार माणसे नसतील, तर उसने ज्ञान कागदावरच राहते.

तळोज्यालाही हाच धडा लागू पडतो. रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण व संशोधन १९३३ पासून करणारी माटुंग्याची संस्था येथून दूर नाही. कायद्याचे निकष तर पाळावयाचेच. परंतु उपाय योजताना खाडीत मासेमारी करणाऱ्यांचे व नदीकाठच्या गावांचे म्हणणे प्रथम ऐकले पाहिजे. लोकप्रतिनिधी व शिक्षक यांनी ते उद्योजकांपर्यंत पोहोचविल्यास सहकार्याचा पाया भक्कम होईल.