ब्राउझरही पारखून घ्यावा!

मैत्रिणींनो, कुकर घेताना आपण शिट्टी, रिंग, झाकण सगळं तपासून घेतो. मोबाइलमधला ब्राउझर मात्र फोनबरोबर आला तोच मुकाट्याने वापरतो! ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारं साधन. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यातली ओळखीची नावं. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली तयार केला. आज बँक, वीजबिल, सातबारा, सगळा कारभार त्यातूनच चालतो.

परवाचीच गोष्ट. आमच्या खांबमधल्या शेजारच्या वहिनींना सासऱ्यांच्या शेताचा सातबारा बघायचा होता. मोबाइलवर शोधून त्यांनी पहिल्याच नावावर बोट ठेवलं. पान थेट सरकारी दिसत होतं, पण त्याने कार्डाचा नंबर मागितला. वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या. वरचा पत्ता बघितला, तर त्यात 'जीओव्ही डॉट इन' नव्हतंच! सरकारी 'महाभूलेख'वर सातबारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत. थोडक्यात वाचल्या म्हणायच्या.

म्हणून चांगल्या ब्राउझरची पहिली खूण ही, की पत्ता ठळक दिसला पाहिजे. पत्त्यातल्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या अगोदर काय लिहिलंय, ते नीट वाचा. खरं गाव तिथेच कळतं.

दुसरी खूण, तो वेळच्या वेळी अपडेट होणारा हवा. जुन्या 'इंटरनेट एक्सप्लोरर'ला कंपनीने जून २०२२ मध्ये रजा दिली. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो असेल, तर त्यावर बँकेचं काम नको.

तिसरी, फसवं पान उघडताना त्याने लाल इशारा द्यावा. इशारा आला की मागे फिरा, हट्ट करू नका. पण इशारा आला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

आणि एक गैरसमज काढून टाका. कुलपाचं चित्र म्हणजे मालक प्रामाणिक, असं नव्हे. तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. चोराच्या घरालाही कुलूप असतंच की!

क्रोम आणि फायरफॉक्स मराठीतही वापरता येतात, तेव्हा इंग्रजीची भीती नको. एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे वाचण्याची आशा अधिक.