गिरणी कोणाच्या पैशावर चालत होती?

एखादी कंपनी ‘चांगली चालली आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिचा माल, तिची विक्री, फार तर तिचा नफा आपल्या डोळ्यांसमोर असतो. ती कोणाच्या पैशावर चालली आहे, हा प्रश्न क्वचितच मनात येतो. पण पैसा कोणाचा, तो किती मुदतीचा आणि तो वापरण्याचा हुकूम कोणाचा, या तीन गोष्टींवर कंपनीचे पुष्कळसे भवितव्य ठरत असते. भांडवलाचा बाजार अजून घडत असलेल्या देशांत तर ते अधिकच ठरते. या लेखात मी ही गोष्ट आपल्याच कापडगिरण्यांच्या उदाहरणाने मांडणार आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १९८२च्या संपानंतर ती गिरणी नीट उभी राहिलीच नाही. ‘गिरणी बुडाली, मग शेठ कसा नाही बुडाला?’ हा प्रश्न आमच्या चाळीत प्रत्येक जण विचारी. पुढे हिशेबतपासनिसाच्या कचेरीत कारकुनी करताना ताळेबंद वाचता येऊ लागले, आणि जुने अहवाल, रद्दीतून मिळालेली पुस्तके यांच्या आधारे मी त्या प्रश्नाचा माग काढत गेलो.

पहिला धागा सापडला तो एका लहानशा कोष्टकात. १९३०च्या सुमारास देशात झालेल्या बँकिंग चौकशीत मुंबईच्या ६४ आणि अहमदाबादच्या ५६ गिरण्यांचा पैसा कोठून आला, याची आकडेवारी मिळते. मुंबईत ४९ टक्के पैसा भागधारकांचा, १० टक्के कर्जरोख्यांचा, २१ टक्के मॅनेजिंग एजंटांनी दिलेल्या कर्जाचा, ९ टक्के बँकांचा आणि ११ टक्के लोकांनी ठेवलेल्या ठेवींचा. अहमदाबादेत भागभांडवल अवघे ३२ टक्के, एजंटांचे कर्ज २४, बँकांचे ४, कर्जरोखे जेमतेम १, आणि लोकांच्या ठेवी तब्बल ३९ टक्के! म्हणजे साबरमतीकाठी विधवेची पुंजी, व्यापाऱ्याची शिल्लक, लग्नासाठी साठवलेला पैसा गिरणीच्या तिजोरीत जात होता. बँकेपेक्षा शेठच्या पेढीची पत लोकांना जवळची वाटत होती.

ठेवींवर गिरणी चालवण्यात फायदा काय? साधा हिशेब करून पाहू. दोन गिरण्या आहेत, दोघींत १०० रुपये गुंतले आहेत. पहिलीत सगळे पैसे भागधारकांचे. दुसरीत ४० भागधारकांचे आणि ६० सहा टक्के व्याजाच्या ठेवींचे. चांगल्या वर्षी दोघींनी १२ रुपये मिळवले. पहिलीच्या भागधारकाला १२ टक्के सुटले. दुसरीने ३ रुपये ६० पैसे व्याज दिले, उरले ८ रुपये ४० पैसे. पण ते ४० रुपयांवर, म्हणजे २१ टक्के! आता मंदी आली आणि दोघींनी तीनच रुपये मिळवले. पहिलीला तीन टक्के तरी मिळाले. दुसरी मात्र ६० पैसे तोट्यात गेली. गिरणी तीच, कामगार तेच, कापड तेच. नुसती पैशाची रचना वेगळी, आणि एक तगली तर दुसरी अडचणीत आली. त्यात ठेव अल्पमुदतीची. अफवा उठली की ठेवीदार दारात. यंत्र वीस वर्षांचे आणि पैसा वर्षाचा, हा मेळ नसलेला संसार असतो.

मग गिरण्यांनी बँकांकडून लांब मुदतीचे कर्ज का घेतले नाही? कारण ते मिळतच नव्हते. १९२१ साली सुरू झालेल्या इंपीरियल बँकेला सहा महिन्यांहून अधिक मुदतीचे कर्ज देण्याची मुभा नव्हती, आणि कंपनीच्या सहीखेरीज आणखी एक सही लागे. ती सही मॅनेजिंग एजंटाची. अशा रीतीने एजंट ही गिरणीची पत झाला, आणि ज्याच्या सहीवाचून पैसा मिळत नाही, त्याला जाब कोण विचारणार?

एजंटाचा मोबदला कसा ठरे, हेही पाहण्याजोगे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. नंतरच्या काही दशकांत अनेक गिरण्यांत एजंटाला रत्तलामागे पाव आणा दलाली मिळू लागली. ही दलाली नफ्यावर नव्हे, उत्पादनावर! वर्षाला दहा लाख रत्तल सूत काढणाऱ्या गिरणीचा एजंट १५,६२५ रुपये घरी नेणार, मग ते सूत नफ्यात विकले जावो की तोट्यात. बाजार मंदावला तर मालकाने उत्पादन कमी करायला हवे. एजंटाचे हित मात्र चाती फिरत राहण्यात. शिवाय कापूस खरेदी, यंत्रे, विमा यांवरही काही ठिकाणी वेगळी दलाली असे. भागधारकाचा लाभांश बुडाला तरी एजंटाचा झरा आटत नसे. आमच्या चाळीतल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या अनेक गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले आणि भांडवलाचे आकडे फुगवले. तेजी ओसरल्यावर त्या फुगलेल्या भांडवलाला पुरेल असा नफा होईना. १९२७च्या टेरिफ बोर्डाच्या चौकशीत हा मुद्दा आलाच. अहमदाबाद त्या काळात मुंबईपेक्षा बरी टिकली. मग ठेवींची पद्धत श्रेष्ठ म्हणायची का? एवढ्या घाईने निष्कर्ष काढता येत नाही. मुंबईने चीनची सुताची बाजारपेठ जपानपुढे गमावली होती. अहमदाबाद कापूस आणि गिऱ्हाईक दोहोंच्या जवळ होती आणि बारीक सुताकडे लवकर वळली. नफा होता म्हणून ठेवी टिकल्या, की ठेवी टिकल्या म्हणून नफा झाला, हे सोडवणे कठीण आहे. आजही कंपन्यांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या संशोधकांना हीच गाठ सतावते.

एजंटाचा दुसरा चेहराही सांगितला पाहिजे. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला लंडनमध्ये भांडवल मिळेना. तेव्हा स्वदेशीच्या वातावरणात इथल्या सुमारे ८,००० गुंतवणूकदारांनी तीन आठवड्यांत २ कोटी ३२ लाख रुपये उभे केले. १९२४च्या सुमारास तीच कंपनी संकटात आली, तेव्हा दोराबजी टाटांनी पत्नीच्या दागिन्यांसह आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून कर्ज मिळवले. बाजार आणि बँका दुबळ्या असताना मोठे घराणे कंपनीची ढाल होऊ शकते. पण जो हात ढाल धरतो, तोच तिजोरीतही जाऊ शकतो.

अर्थशास्त्राने हे दोन्ही चेहरे पुढे नीट मांडले. मोदिल्यानी आणि मिलर यांनी १९५८ साली दाखवले, की बाजार निर्दोष असेल तर कंपनीचे मूल्य कर्ज आणि भागभांडवल यांच्या प्रमाणावर अवलंबून राहत नाही. यातला ‘निर्दोष असेल तर’ हाच शब्द आपल्यासारख्या देशांना लागू पडत नाही. तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी १९९०च्या दशकात म्हटले, की जिथे विश्वासार्ह माहिती, न्यायालये, बँका यांची उणीव असते, तिथे उद्योगसमूह ती पोकळी भरून काढतात. उलट मरियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००२ साली भारतीय उद्योगसमूहांचे आकडे तपासून, ज्या कंपनीत प्रवर्तकाचा वाटा कमी तिथून वाटा जास्त असलेल्या कंपनीकडे नफा वळतो, याचा पुरावा मांडला. जणू ताळेबंदाखालून खणलेले भुयारच!

दक्षिण कोरियात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या उद्योगसमूहांतल्या कंपन्या एकमेकींच्या कर्जांना हमी देत. १९९७च्या संकटानंतर सरकारने १९९९ अखेरपर्यंत कर्ज स्वभांडवलाच्या दुपटीपर्यंत आणायला सांगितले. त्याच वर्षी देवू समूह कोसळला.

आपल्याकडे १९३६च्या दुरुस्तीने एजंटाची मुदत २० वर्षांवर आणली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. १९७० साली ही पद्धतच बंद झाली. एजंट गेले, पण प्रश्न उरला. पत आता सरकारी बँका आणि वित्तसंस्था यांची झाली. नफा जुन्या कापडातून काढायचा, नवी यंत्रे मात्र घ्यायची नाहीत, आणि गिरणी आजारी पडली की ती सरकारच्या पदरात, अशी वाट रुळली. १९७४ साली १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८३ साली मुंबईच्या आणखी १३ गिरण्या ताब्यात घेतल्या गेल्या. रस्ते, वीज, पोलाद यांसाठी दिलेल्या कर्जांतून मार्च २०१८मध्ये बँकांची थकीत कर्जे ११.२ टक्क्यांवर गेली. त्यापूर्वी २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला, आणि बुडीत कंपनी प्रवर्तकाच्या हातून जाऊ शकते, हे पहिल्यांदा खरे वाटू लागले.

शेठ का बुडाला नाही, याचे उरलेले उत्तर हेच. जोखीम एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ती रचना होती. तोटा भागधारकाचा, ठेवीदाराचा, करदात्याचा. कामगाराने तर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या रूपाने गिरणीला नकळत उधारच दिले होते. त्याचे नाव त्या कोष्टकात कोठेच नाही.

आज म्युच्युअल फंडाच्या वाटेने आपल्यापैकी अनेक जण कंपन्यांचे धनको किंवा भागधारक झालो आहोत. वार्षिक अहवाल हाती आला तर नफ्याच्या आकड्याआधी तीन पाने उघडावीत. कर्जे किती आणि त्यांपैकी वर्षभरात फेडायची किती. प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार कोणते. आणि प्रवर्तकाने आपले समभाग गहाण ठेवले आहेत का. जुन्या एजंटाला विचारता न आलेले प्रश्न आता कायद्याने छापावे लागतात. ते वाचण्याचे काम तेवढे आपले आहे.